तीन किलोचं शेपूट

मागच्या डिसेंबरात माळशेजच्या बाजूला एका सुळक्यावर चढाईचा नवीन रूट ओपन करत होतो, म्हणजे दोर अडकवायला कातळात बोल्ट मारत वर जात होतो. तिसऱ्या बोल्टपाशी लक्षात आलं की अर्धा तास झाला, आपण चढतच नाहीये, नुसतं ड्रिल सोडवत बसलोय. ड्रिलची लीश (ते पडू नये म्हणून बांधलेली दोरी) हार्नेसच्या (कमरेच्या पट्ट्याच्या) मागून फिरून लॅडरमध्ये (पाय ठेवायच्या पट्टीच्या शिडीत), लॅडर दोरात, आणि दोर माझ्याच पायामागे. खालून बिलेअर, म्हणजे माझा दोर सांभाळणारा, ओरडतोय, "काय रे, झोपलास का?" आणि मी एका स्कायहुकवर, म्हणजे कातळाच्या कडेवर नुसत्या टेकवलेल्या धातूच्या आकड्यावर, उभा, श्वास घ्यायलाही भीती वाटतेय.

वरून रॅपल करत, म्हणजे दोरावरून खाली उतरत, बोल्ट मारायचे असतील तर मजा असते, हार्नेसमध्ये निवांत बसायचं, दोन्ही हात मोकळे. पण आपल्या बहुतेक सुळक्यांना मागून माथ्यावर जायला वाट नसते, त्यामुळे लीड करता करताच, म्हणजे सगळ्यात पुढे चढताना, खालून वर बोल्ट मारत जावं लागतं. आधीच्या पिढीने हे हातोडा आणि हँडड्रिलने केलंय, आपल्या बेसाल्टमध्ये एका होलला अर्धा अर्धा तास, मनगटं कामातून जायची. रोटरी हॅमर, म्हणजे ठोके देत भोक पाडणारं ड्रिल, आलं आणि तेच १० मिमीचं होल मिनिटा-दीड मिनिटात व्हायला लागलं. फक्त ते मिनिट सोडून बाकीचा दिवसभर हे धूड ठेवायचं कुठे, ते कोणी सांगत नाही.

माझं ड्रिल १८ व्होल्टचं, एसडीएस प्लस (बिट, म्हणजे भोक पाडणारी सळी, बसवायची पद्धत), बॅटरी धरून ३ किलोच्या आसपास. सुरुवातीला मी ते सरळ हार्नेसच्या गिअर लूपला (सामानाच्या कडीला) अडकवून चढायचो. पाय उचलला की बिट पोटरीला टोचायचं, वळलो की ड्रिल कातळावर आपटायचं, तेही एकवेळ ठीक. पण नुकतंच होल मारलेलं बिट चांगलंच तापलेलं असतं, चटका बसतो, आणि आपल्या आजूबाजूला सगळं नायलॉनच. माझ्या डेझी चेनवर (स्वतःला अडकवून घ्यायची फासांची पट्टी) अशीच एक जागा वितळून चकचकीत, कडक झाली होती, ती मला संध्याकाळी कॅम्पवर गिअर आवरताना दिसली. म्हणजे दिवसभर मी त्याच डेझीवर लटकत होतो! दोरावर टेकलं असतं तर काय, हा विचार करत मग रात्रभर कूस बदलत पडलो. डेझी तेव्हाच बाद केली आणि घरी आल्यावर कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्या काकांकडून बिटसाठी जाड चामड्याची म्यान शिवून घेतली. "कोयत्याला का?" असं विचारलं त्यांनी. मी हो म्हणालो, कोण समजावत बसणार.

आता माझी पद्धत अशी. फ्री, म्हणजे नुसत्या हातापायांनी, चढायचं असेल तेवढं ड्रिल बरोबर न घेता चढायचं, ते खाली स्टेशनवर (बिलेअर थांबतो तिथे) सॅकमध्ये, आणि माझ्या हार्नेसच्या मागे ६ मिमीची टॅग लाइन, म्हणजे सामान ओढायची बारीक दोरी. उभं राहायला जागा मिळाली किंवा हुक बसला, हुकवर थोडं थोडं वजन टाकून बघितलं, की मग हळूहळू सॅक वर ओढायची. हळू अशासाठी की सॅक आपटली की सुटे दगड निघतात आणि खाली बिलेअर असतो, त्याचंही घरी कोणीतरी वाट बघत असतं. ड्रिल हातात आलं की आधी लीश क्लिप करायची, मग म्यान काढायची. आणि होल झालं की फॉरवर्ड-रिव्हर्सचं बटण मधोमध करायचं म्हणजे ट्रिगर लॉक होतो. मी एकदा विसरलो, ट्रिगर मांडीखाली दबला आणि बिटने माझ्या शर्टाचा बोळा केला. हसू नका.

लीश हात पूर्ण ताणून होल मारता येईल एवढीच ठेवा, आणि मध्ये थोडं इलॅस्टिक असू द्या. लांब लीशवरून ३ किलो सुटलं आणि आपण हुकवर असलो तर तो झटका हुकला आवडत नाही.

तर त्या तिसऱ्या बोल्टकडे येतो. गुंता सुटला, हातोडीने कातळ वाजवून बघितला, टण् आवाज आला, ढब नाही, म्हणजे ठीक. बिट टेकवलं की आधी ते नाचतं, म्हणून सुरुवात अगदी हळू, खळगा पडेपर्यंत. मग राखाडी भुकटी यायला लागली, पिठासारखी, ती बघून बरं वाटतं. (लाल आली तर थांबायचं. लाव्हाच्या दोन थरांमधली ती लाल माती, तिथे बोल्ट धरत नाही.) साधारण ५० मिमी गेलं असेल आणि एकदम बिट सटकन आत! बेसाल्टमध्ये गॅसच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात, कधी त्यात ते पांढरे स्फटिक भरलेले असतात, कधी काहीच नसतं. माझ्या नशिबात काहीच नव्हतं. दाबून धरलेला हात पुढे गेला, कपाळ कातळावर, आणि हुक कर्रर्र करून दोनेक मिमी सरकला. सरकला आणि थांबला. "टाइट!" (दोर ताण) म्हणून ओरडलो खरं, पण शेवटचा बोल्ट माझ्या चार मीटर खाली होता, दोर ताणून उपयोग नव्हता.

होल सोडून दिलं, फूटभर डावीकडे दुसरं मारलं. मग ब्लोअर, ब्रश, परत ब्लोअर, कारण भुकटी राहिली तर बोल्ट नीट पकडत नाही. मग बोल्ट, हातोडी, हँगर (दोराची कडी अडकवायची बोल्टवरची पट्टी), १७ नंबरचा पाना. या सगळ्यात ड्रिल कुठे? गळ्यात, तिरक्या स्लिंगवर, म्यान घालून. तिथे सगळ्यात कमी त्रास देतं.

इटालियन गिर्यारोहक चेझारे माएस्त्रीने १९७० मध्ये दक्षिण अमेरिकेत पॅटागोनियातल्या सेरो तोरे शिखरावर बोल्ट मारायला पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर वर ओढून नेला होता आणि शेवटी तो भिंतीवरच सोडून तो खाली उतरला. गिर्यारोहकांनी त्याला भरपूर शिव्या घातल्या, अजून घालतात. त्या दुपारी मला मात्र त्याचा थोडा हेवा वाटला.

हो, आणि चालू करायच्या आधी आग्या मोहोळ कुठे आहे ते बघा. आम्ही दुर्बिणीने सकाळीच बघून ठेवतो, आवाज पोचेल अशा अंतरावर असेल तर त्या भिंतीला ड्रिल लावतच नाही.

एका बॅटरीत दहा-बारा होल होतात. त्या दिवशी एक फुकट गेलं आणि पाचव्या बोल्टला साइड हँडल निसटून खाली गेलं, कारण सगळं लीशला बांधलं आणि तेवढं राहिलं. अंधार पडताना उतरलो तर खालच्या वाडीतला गुरं वळणारा पोरगा ते घेऊन उभा. "दादा, ह्ये तुमचं का? म्हशीपाशी पडलं."