आमची वाटचाल : करवंटीचा कार्बन आणि सीमाभागाचे पाणी

बेळगावच्या उद्यमबागेत आमचा कारखाना सुरू झाला तो पत्र्याच्या टाक्या आणि फौंड्रीवाल्यांच्या किरकोळ फॅब्रिकेशनच्या कामावर. पाण्याच्या फिल्टरकडे आम्हाला गिऱ्हाइकांनीच वळवले. टाकी बसवायला जावे तर शहरात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो, चिकोडी-रायबागकडे बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, खानापूरकडे काही विहिरींच्या पाण्याने भांडी तांबूस होतात, अशी गाऱ्हाणी कानावर पडत, आणि या तिन्हींवर बाजारात एकच उपाय विकला जाई, तो म्हणजे कार्बन फिल्टर. ही तीन दुखणी वेगळी आहेत आणि कार्बन त्यांपैकी पहिल्याचाच खरा इलाज आहे, हे पैसे घेण्याआधी सांगायचे, असे आम्ही ठरवले आणि धंदा त्याच रीतीने वाढवला. त्यामुळे काही ऑर्डरी हातच्या गेल्या. त्याची खंत नाही.

नारळाची करवंटी हवा कोंडून जाळली की कोळसा होतो, आणि त्या कोळशावर ८०० ते १००० अंश सेल्सियस तापमानाला वाफ सोडली की त्यात इतकी सूक्ष्म छिद्रे तयार होतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग सुमारे १००० चौरस मीटर भरतो. वास, रंग, बेचव आणणारे सेंद्रिय पदार्थ आणि कित्येक कीटकनाशके या पृष्ठभागाला चिकटून राहतात. मोकळा क्लोरीन तर कार्बनशी संयोग पावून क्लोराइड होतो. क्षार, डाळ शिजू न देणारा जडपणा आणि नायट्रेट मात्र त्यातून सरळ पार होतात. जड पाण्याला सॉफ्टनर किंवा आरओ लागतो, आणि लोहाच्या पाण्यात आधी हवा मिसळून लोह गाळून घ्यावे लागते, नाहीतर तो गाळ कार्बनवरच बसतो.

कार्बनची पोती आम्ही तमिळनाडू आणि केरळमधून मागवतो. पूर्वी एका व्यापाऱ्याने करवंटीचा म्हणून दिलेल्या मालात दगडी कोळशाची भेसळ निघाली, तेव्हापासून आयोडीन अंकाची, म्हणजे एक ग्रॅम कार्बन किती आयोडीन शोषतो याची, तपासणी झाल्याशिवाय पोते उघडायचे नाही, असा नियम आहे. पिण्याच्या पाण्यासाठी हा अंक दर ग्रॅमला ९०० मिलिग्रॅमच्या वर असलेलाच माल आम्ही घेतो. नवा कार्बन रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात, कारण छिद्रांतली हवा बाहेर पडायला वेळ लागतो. कान लावला तर बारीक चरचर ऐकू येते आणि पृष्ठभागावर बुडबुडे येत राहतात. सकाळी खालून वर पाणी सोडले की आधी शाईसारखी काळी धार येते, ती करडी होते आणि शेवटी नितळ. तोपर्यंत फिल्टर जोडायचा नाही, हे आमच्या मुलांना आता सांगावे लागत नाही.

खरी अक्कल लागते ती वेगाच्या हिशेबात. फिल्टरमध्ये ७० लिटर कार्बन भरला आणि तासाला १००० लिटर पाणी सोडले, तर पाण्याला कार्बनच्या संपर्कात साधारण ४ मिनिटे मिळतात. क्लोरीन काढायला तेवढा वेळ पुरतो, पण उसाच्या तणनाशकाचा अंश काढायचा तर १० मिनिटे तरी हवीत, म्हणजे त्याच फिल्टरातून तासाला ४०० लिटरच्या वर जाऊ नये. मंगल कार्यालयांचे मालक येथेच अडतात, कारण पंगत बसली की त्यांना पाणी एकदम हवे असते. त्यांना आम्ही आधी टाकी भरून ठेवायला सांगतो; फिल्टर जोरात चालवू देत नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही फिल्टरवर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहून लावतो : कार्बन जंतू मारत नाही. उलट क्लोरीन निघून गेल्यावर कार्बनमध्ये जंतू वाढू शकतात, म्हणून त्यापुढे यूव्ही दिवा असलाच पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा पात्राबाहेर आल्या, तेव्हा पुराचे पाणी शिरलेल्या विहिरींसाठी अनेकांनी कार्बन फिल्टर मागितले. आम्ही त्यांना आधी विहीर उपसा, पाण्यात ब्लीचिंग पावडर टाका, गढूळपणा वाळूच्या फिल्टरने काढा, मग कार्बनचे बघू, असेच सांगितले. शाळांनाही सुट्टीनंतर फिल्टरमध्ये साचून राहिलेले पहिले पाणी बराच वेळ वाहून जाऊ द्यायला आम्ही बजावतो.

सध्या आमचे लक्ष उसाच्या पट्ट्यातील गावांवर आहे. तेथे आम्ही दोन फिल्टर एकामागे एक बसवतो. पहिल्यातून निघालेल्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून त्यातला कार्बन संपल्याचे दिसले, की तो उपसून नवा भरायचा आणि दुसऱ्याला पुढे आणायचे, म्हणजे कार्बन पुरेपूर वापरला जातो आणि पिणाऱ्यालाही धोका राहत नाही. खर्च जास्त येतो, म्हणून ग्रामपंचायतींना तपासणीच्या पैशांची तरतूद आधीच करून ठेवायला आम्ही सांगत आहोत.