जर्मन संगीन, तिचं म्यान आणि एका अक्षरासाठी पाच आठवडे

म्यानावरचं एक अक्षर बघायला मला पाच आठवडे लागले. लिलाव करणाऱ्यांनी मनावर घेतलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. अमेरिकेत राहून कुणी दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी जिंकून घरी आणलेली जर्मन संगीन घेणार असेल, तर निदान त्याचे तरी हे दिवस वाचतील.

आधी वस्तू कोणती ते सांगतो. के ९८ के या माउझर रायफलीची संगीन, एस ८४/९८. पातं साधारण २५ सेंटीमीटरचं, एकाच बाजूला धार, दोन्ही अंगांना लांब पन्हळ. मुठीला बेकलाइटच्या किंवा लाकडाच्या दोन फळ्या, दोन स्क्रूंनी आवळलेल्या. मुठीच्या पाठीवर पोलादी पट्टी आणि टोकाला रायफलीवर बसायची खाच. नळीभोवती बसणारं कडं हिला नसतं. म्यान पोलादी पत्र्याचं, खाली टोकाला मण्यासारखी छोटी गोळी आणि तोंडापासून थोडं खाली एक बटण. त्या बटणात फ्रॉग, म्हणजे म्यान अडकवायची चामडी पट्टी, अडकतो आणि फ्रॉग कमरपट्ट्यात ओवला जातो. इटलीत १९४४-४५ मध्ये मराठा पलटणींसमोर जे जर्मन पायदळ उभं होतं, त्यांच्या कमरेला हीच संगीन असायची.

विकणारे पात्याचेच फोटो टाकतात. माझ्या मते म्यान ही निम्मी वस्तू आहे, आणि किंमत तिथेच ठरते. पात्याच्या मुळाशी एका बाजूला कारखान्याची खूण आणि दुसऱ्या बाजूला नंबर असतो. तोच नंबर म्यानावर, तोंडाच्या जवळ ठोकलेला असायला हवा. युद्धात आणि युद्धानंतर हजारो म्यानं अदलाबदल झाली, त्यामुळे जुळलेली जोडी कमी मिळते आणि महाग जाते. हा नंबर रायफलीचा नसतो, संगिनीचा स्वतःचा असतो. त्याच नंबरची रायफल शोधत बसू नका. आणि १९४४ च्या आसपासच्या बऱ्याच संगिनींवर नंबरच नसतो. तिथे जुळण्याचा प्रश्न येत नाही.

आता माझं गाडं अडलं ती जागा. नंबर साधारण चार आकडी असतो आणि त्याच्याखाली बहुधा एक छोटं अक्षर असतं. एका अक्षराचे आकडे संपले की पुढचं अक्षर घेऊन मोजणी पुन्हा सुरू. म्हणजे आकडे तेच, पण एकाखाली डी आणि दुसऱ्याखाली ई, तर त्या दोन वेगळ्या संगिनी झाल्या. आकडे जुळले म्हणून जोडी जुळली असं होत नाही. अक्षर बघावंच लागतं.

लिलावाची यादी तारखेच्या सहा आठवडे आधी लागली. वर्णनात 'नंबर जुळलेले, फ्रॉग आणि कागदासह' असं होतं. आठ फोटो, त्यातले पाच पात्याचे. म्यान सगळीकडे फ्रॉगसकट. मी म्यानावरच्या नंबरचा फोटो मागितला. दहा दिवसांनी उत्तर आलं, 'नंबर जुळतात.' पुन्हा लिहिलं, तेव्हा चार आकडे टाइप करून पाठवले, अक्षर नाही. तिसऱ्यांदा फोटो आला, पण अक्षर नेमकं कातड्याखाली! आकडे स्वच्छ दिसत होते, आणि त्यांच्या खाली फ्रॉगची काठ बरोबर अक्षरावरून गेलेली. चौथ्यांदा विचारल्यावर म्हणाले, फ्रॉग हलवणार नाही, कातडं फाटेल.

कातड्याबद्दल त्यांचं बरोबर होतं, हे मी मान्य करतो. ऐंशी वर्षांचं कोरडं कातडं बटणाच्या भोकापाशी तडकतं आणि मग फ्रॉगची किंमत निम्म्याने उतरते. पण अक्षर बघायला फ्रॉग काढावा लागतच नाही. बांबूची चपटी काडी घ्यायची, कातड्याच्या काठाखाली सरकवून दोन मिलिमीटर उचलायची आणि बाजूने, अगदी आडवा टॉर्च मारायचा. ठोकलेल्या अक्षराच्या कडेला सावली पडते आणि ते वाचता येतं. हेच मी लिहून पाठवलं, सोबत काडी कुठे घालायची ते फोटोवर बाण काढून दाखवलं. तरी आणखी दोन आठवडे गेले. शेवटी लिलावाला चार दिवस उरले असताना फोटो आला. कातड्याची काठ किंचित उचललेली, खाली काळ्या पत्र्यावर तेच अक्षर जे पात्यावर होतं. तो फोटो मी किती वेळा मोठा करून पाहिला असेन!

तुमच्यावर ही वेळ आली तर पहिल्याच पत्रात तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा: आकडे, अक्षर, आणि म्यानावरची कारखान्याची खूण व साल. 'नंबर जुळतात का' असा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर नेहमी 'हो' असतं. बोलीच्या रकमेवर कमिशन किती लागतं तेही तेव्हाच वाचून घ्या, २० ते २५ टक्के बऱ्याच ठिकाणी असतं.

नंबर नव्याने ठोकलेला आहे का, हे भिंगाने कळतं. मूळ शिक्का काळा रंग चढवण्याआधीचा असतो, म्हणून आकड्याच्या तळाशीही तोच निळसर काळा रंग दिसतो. तळ चमकत असेल किंवा कडेला धातू वर आलेला बोटाला लागत असेल, तर सोडून द्या. पात्यावर ४१ आणि म्यानावर ४० असं एका वर्षाचं अंतर मात्र चालतं. कारखान्यांचे तीन अक्षरी कोड साधारण १९४०-४१ पासूनचे: सीओएफ म्हणजे कार्ल आइकहॉर्न, सीव्हीएल म्हणजे डब्ल्यूकेसी, दोन्ही कारखाने जर्मनीतल्या सोलिंगेन शहरातले. त्याच्या लगेच आधी काही वर्षं पूर्ण नाव असायचं.

कागदाचं राहिलं. अमेरिकी सैनिकाला शत्रूची वस्तू घरी न्यायला वरिष्ठाची सही असलेला दाखला लागायचा. त्यात बहुधा २८ मे १९४५ च्या युद्धखात्याच्या परिपत्रक १५५ चा उल्लेख असतो. अडचण अशी की वस्तूच्या जागी नुसतं 'एक जर्मन संगीन' लिहिलेलं असतं, नंबर क्वचितच. त्यामुळे कागद खरा असला तरी तो ह्याच संगिनीचा आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. कागदासाठी वेगळे पैसे मोजू नका. खोटा ओळखायचा तर अंधारात अतिनील दिवा धरा. १९४५ चा कागद मंद दिसतो, अलीकडचा बहुतेक पांढरा कागद निळा चमकतो. टाइपरायटरची अक्षरं मागच्या बाजूने बोटाला लागली पाहिजेत.

घरी आल्यावर पातं म्यानात अडकलं असेल तर ओढाताण नको. म्यानाच्या तोंडातून पातळ तेलाचे थेंब सोडा, एक रात्र ठेवा. तरी नाही सुटलं तर तोंडाजवळ एकच स्क्रू असतो, तो काढला की पातं धरणाऱ्या स्प्रिंगांसकट तोंडाचा भाग निघतो. स्क्रूला बरोबर बसणारंच पेचकस घ्या, नाहीतर खाच झिजते. हे तेल फ्रॉगला लागू देऊ नका. कातड्याला तेल लावलं की ते काळं पडतं. गंजाला सॅंडपेपर लावायचा नाही. तेल लावून १९८२ पूर्वीच्या अमेरिकी एक सेंटच्या नाण्याच्या कडेने हळू खरवडा. ते नाणं तांब्याचं असतं, पोलादापेक्षा मऊ, खालचा काळा रंग टिकतो.

आणि भारतात घरी पाठवायचा विचार असेल तर आधी शस्त्र नियम वाचा. संगीन तिथे नावानिशी आहे, ९ इंचांहून लांब पात्याचाही उल्लेख आहे, आणि हे पातं त्याहून लांब भरतं. माझी इथेच राहणार आहे. मुठीवर आणि पात्यावर मेणाचा पातळ थर दिलाय, आणि फ्रॉग अजून जागेवरच आहे.