कुत्र्याच्या चेहऱ्यावरचा अपराधी भाव

पाळीव प्राण्यांना भावना असतात का, हा प्रश्न कुत्रा पाळणाऱ्या माणसाला सहसा पडतच नाही. आमच्या मोतीने चप्पल कुरतडली की तो कान पाडून, शेपूट पोटाखाली घेऊन, तिरक्या नजरेने आमच्याकडे पाहतो आणि त्याला केल्या कर्माची लाज वाटते, असे आम्ही खुशाल मानतो. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ सालच्या प्रयोगात मात्र, कुत्र्याने मनाई असलेला खाऊ खरोखर खाल्ला होता की नाही, याच्याशी या मुद्रेचा संबंध आढळला नाही. मालक रागावला की निरपराध कुत्राही तसाच चेहरा करीत असे. म्हणजे ती लाज नसून धास्ती असावी. पण धास्ती ही भावना नव्हे, असे कोण म्हणेल?

मायेबद्दलचा पुरावा अधिक बोलका आहे. कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते, असे जपानी संशोधकांना २०१५ मध्ये आढळले. आई आणि तान्ह्या बाळाच्या ओढीमागेही हेच संप्रेरक असते. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत मात्र तसे घडले नाही.

प्राणी पाळण्यातले सुख मला तरी यातच दिसते, कारण दिवसभराची कटकट संपवून घरी येणाऱ्याला कोणीतरी काहीही न विचारता नुसते पाहत बसणे फार हवेसे वाटते. मांजरवाल्यांचे गणित निराळे असावे. त्यांना दुर्लक्षही गोड लागते.