गालिबिएच्या घाटात पिवळी जर्सी गेली तरी जागा सोडू नका

२ जुलै २०२४ ला आम्ही फ्रान्समधल्या आल्प्सच्या गालिबिए घाटात होतो आणि ३ जुलैला सँ-व्हुल्बाच्या सपाट रस्त्यावर. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचे हे लागोपाठचे दोन टप्पे, एक चढाचा आणि एक स्प्रिंटचा. पुण्यातल्या आमच्या सायकलवाल्यांच्या कंपूत सिंहगड चढून वर भजी खाताना हा वाद दर रविवारी रंगतो: खरी शर्यत चढावर की स्प्रिंटमध्ये? मी पहिल्यापासून चढाच्या बाजूची. स्प्रिंट म्हणजे चार तास आरामात यायचं आणि शेवटची दोनशे मीटर जोर लावायचा, असं मी ठासून सांगायचे. आता सांगणार नाही.

दादा फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात राहतो, म्हणून मुक्काम फुकटात झाला. तुमचं तिथे कोणी नसेल तर एक लक्षात ठेवा. टूरचा मार्ग आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जाहीर होतो. त्याच आठवड्यात राहण्याची सोय करून टाका आणि मग व्हिसाच्या मागे लागा. डोंगरातल्या गावांत खोल्या मुळातच मोजक्या असतात, त्या बघता बघता संपतात.

शर्यतीच्या दिवशी घाटरस्ता गाड्यांना कितीतरी तास आधी बंद होतो. त्यामुळे आम्ही आदल्या रात्रीच लोतारेच्या खिंडीखाली पोचून गाडीतच झोपलो. लोतारे २०५८ मीटरवर, गालिबिएचा माथा २६४२ मीटरवर, आणि मधे साडेआठ किलोमीटरची चाल. पहाटे सहाला निघालो. जुलै असूनही वरच्या वळणांवर रस्त्याकडेला बर्फाच्या भिंती उभ्या होत्या. चालताना घाम आणि थांबलं की हुडहुडी, असा प्रकार. विंडचीटर, कानटोपी आणि सनस्क्रीन तिन्ही हवंच. ऊन थंड वाटतं पण भाजून काढतं, माझं नाक आठवडाभर सोलत होतं. पाणी माणशी तीन लिटर न्या, वर काही मिळेल या भरवशावर राहू नका. आम्ही पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. आठ-दहा तास काढायला त्यासारखं दुसरं काही नाही.

जागा कुठे पकडायची? माथ्यावरच जायचा हट्ट नको. माथ्याच्या एक-दीड किलोमीटर अलीकडे, जिथून खालची तीन-चार वळणं एका नजरेत दिसतात, तिथे बसा. आधी दोनेक तास जाहिरातींच्या गाड्यांची वरात येते. टोप्या, गोळ्या, किचेन असं काय काय उधळत जाते. मुलं सोबत असतील तर त्यांचा हात सोडू नका, वस्तू रस्त्यावर पडते आणि मागून पुढची गाडी येतच असते.

मग हेलिकॉप्टरचा आवाज. खालच्या वळणावर आधी पांढऱ्या जर्सींची माळ दिसली, ती स्लोव्हेनियाच्या ताडेय पोगाचारच्या संघाची. त्याचे गडी एकामागून एक पुढे येऊन वेग लावत होते आणि मागची माणसं गळत होती. सपाटीवर दुसऱ्याच्या मागे लपून बरीच ताकद वाचते, पण चढावर वेग कमी, वाऱ्याचा आडोसा कमी, आणि प्रत्येकाला आपलं वजन आपणच ओढावं लागतं. आमच्यासमोरून गेला तेव्हा त्याचा प्रतिस्पर्धी, डेन्मार्कचा योनास व्हिंगेगार्ड, याचं तोंड उघडं होतं आणि हनुवटीवरून घाम थेंबाथेंबाने हँडलवर पडत होता. पोगाचारने माथा जेमतेम किलोमीटरभर उरला असताना हल्ला चढवला, थोडक्या सेकंदांची आघाडी घेऊन पलीकडे उतरला आणि व्हालोआर गावात ३५ सेकंदांनी जिंकला. एकूण शर्यतीत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सीही त्याचीच झाली. हे सगळं मला संध्याकाळी कळलं, कारण वर मोबाइलला रेंज नव्हती. छोटा रेडिओ नेला तर उत्तम.

पुढचे गेले आणि आजूबाजूचे लोक सामान आवरून उतरायला लागले. दादा म्हणाला, "चल गं, आता गर्दी होईल." मी म्हटलं, "थांब ना दादा, अजून निम्मे यायचेत."

बऱ्याच वेळाने तो जथा आला. ग्रुपेटो म्हणतात त्याला. स्प्रिंटवाले सगळे त्यात. जाडजूड मांड्या, डोंगरात नको असलेलं वजन, आणि डोक्यावर वेळेची टांगती तलवार. विजेत्याच्या वेळेत ठरावीक टक्के मिळवून मर्यादा काढतात, तिच्याबाहेर गेलं की शर्यत संपली. म्हणून हे एरवीचे प्रतिस्पर्धी इथे एकमेकांना धरून चढतात. कोणी बोलत नव्हतं. चेन आणि श्वास एवढेच आवाज. एकाने रिकामी बाटली आमच्या पायाशी टाकली आणि मान जराशी हलवली. ती बाटली आज माझ्या टेबलावर आहे. याच जथ्यात ब्रिटनचा स्प्रिंटवाला मार्क कॅव्हेंडिश याला शोधत होते, पण हेल्मेट आणि गॉगलमधून नक्की ओळखता आला नाही. ३९ वर्षांचा माणूस, पहिल्याच दिवशी उन्हाने उलट्या होऊन कसाबसा शेवटपर्यंत पोचलेला.

उतरताना घाई करू नका. शेवटची गाडी गेल्याशिवाय रस्ता उघडत नाही, आणि उघडल्यावर गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकते. आम्हाला ग्रनोबलला पोचायला रात्रीचे साडेअकरा झाले.

दुसऱ्या दिवशी सँ-व्हुल्बा. ल्योंच्या पूर्वेला, सपाट, औद्योगिक वसाहतीचं गाव. इथला हिशेब वेगळा. अकरापर्यंत कठडा धरला नाही तर पाठी बघत बसाल. अंतिम रेषेपाशी उभं राहायचा मोह आवरा, तिथे सत्तरच्या वेगाने रंगाचा एक फटकारा जातो, बस्स. रेषेच्या दोन-अडीचशे मीटर अलीकडे, जिथून मोठा पडदाही दिसतो, तिथे उभे राहा. स्प्रिंट तिथेच सुटते.

शेवटच्या किलोमीटरची लाल कमान त्यांनी ओलांडली तशी कठड्यावर हाताने बडवणाऱ्यांची लाट आमच्याकडे सरकत आली. आधी रस्त्यातून एक कंप, मग टायरांची घरघर, मग ते. आकाशी जर्सीतला एक जण दुसऱ्याच्या मागून बाजूला झाला, फट दिसताच तिकडे वळला आणि कोपरं वाकवून हँडलवर असा काही झुकला की मला फक्त त्याची पाठ दिसली. कॅव्हेंडिश! पडद्यावर बघेपर्यंत तो जिंकला होता. टूरमध्ये त्याने जिंकलेला पस्तिसावा टप्पा. बेल्जियमच्या एडी मर्क्सचा ३४ टप्प्यांचा विक्रम त्याने २०२१ मध्ये गाठला होता. २०२३ मध्ये तो मोडायला आला आणि पडून कॉलरबोन मोडून घरी गेला. पहिला टप्पा जिंकला होता २००८ मध्ये.

चोवीस तासांपूर्वी तो वेळेच्या आत गालिबिए चढला नसता तर इथे सुरुवातीच्या रेषेवरही नसता. दादा कठड्याला टेकून रडत होता. तिकडे हरलेले स्प्रिंटवाले येऊन कॅव्हेंडिशला मिठ्या मारत होते, पोगाचारही आला.

बक्षीस समारंभ बघायचा असेल तर रेषेमागच्या चौकाकडे लगेच चालायला लागा, दहा मिनिटांत तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही. गाडी गावाबाहेर, ल्योंकडे तोंड करून लावा.