ठाणे–उरण–बेलापूर–तळोजा–दिवा: रेल्वेचं रिंगण आणि मधला तो तुकडा

आधी निकाल सांगतो, बाकीचं नंतर. ठाण्याहून निघून उरण, बेलापूर, मग मेट्रो, तळोजा, दिवा आणि परत ठाणे हे रिंगण एका दिवसात होतं. पण पेंधर मेट्रो ते तळोजा पंचानंद रेल्वे स्टेशन हा तुकडा त्यात ठेवू नका. मी ठेवला. दोन दिवस झाले, पोटऱ्या अजून कुरकुरतायत.

हे सगळं भाच्यामुळे. त्याने मला एक व्हिडिओ पाठवला होता. ‘फक्त ४ तासांत अख्खं ठाणे-नवी मुंबई, रिक्षाला एक रुपयाही नाही!’ दीड मिनिटाचा व्हिडिओ, वर ढोल-ताशा. त्यातला पोरगा पेंधरच्या मेट्रोचा जिना उतरतो आणि पुढच्याच क्षणी मेमूच्या, म्हणजे दिवा-पनवेल मार्गावरच्या विजेवरच्या पॅसेंजर गाडीच्या, दारात उभा राहून हात हलवतो. त्या दोन दृश्यांच्या मधे माझी अख्खी शनिवारची दुपार गेली.

ठाण्याहून सुरुवात सोपी आहे. ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकल ९ आणि १० नंबरच्या फलाटांवरून सुटतात. इथे एकच चूक होऊ शकते आणि नवखा माणूस ती हमखास करतो: समोर उभी आहे म्हणून वाशीच्या गाडीत चढतो. तुर्भ्याच्या पुढे मार्गाला दोन फाटे फुटतात, एक सानपाड्यावरून वाशीला जातो आणि दुसरा जुईनगर-नेरूळवरून पनवेलला. उरणला जायचं तर नेरूळ किंवा पनवेलची गाडी पकडा. शनिवारी सकाळी आठ-सव्वाआठला बसायला जागा मिळाली. ऐरोली-रबाळे-घणसोलीच्या कंपन्यांची गर्दी सोमवार ते शुक्रवार काय असते ते मला ठाऊक आहे. आठवड्याच्या मधल्या दिवशी हौस म्हणून त्या गाडीत चढू नका, कामावर जाणाऱ्यांचे शिव्याशाप लागतील. रविवारही नको. मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, असला तर साधारण अकरा ते चार काहीच धड मिळत नाही आणि हे रिंगण नेमकं त्याच वेळात येतं.

नेरूळ ते उरण मस्त. खाडी, तिवरं, मग कंटेनरचे डोंगर. खारकोपरपर्यंतचा भाग ११ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाला आणि पुढे उरणपर्यंत गाडी जायला १२ जानेवारी २०२४ उजाडला. तेव्हा उशीर झाला म्हणून कुणी तक्रार केली असेल तर ती रास्तच होती. या मार्गावर साधारण तासाला एक गाडी असते हे मात्र डोक्यात ठेवा. उरणला उतरल्या उतरल्या परतीची वेळ बघा, मग चहाला जा. परतताना नेरूळची नको, बेलापूरची गाडी धरा, म्हणजे मेट्रोसाठी पुन्हा गाडी बदलावी लागत नाही. आम्हाला ती मिळाली. इथपर्यंत सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मी भाच्याला “तुझा तो पोरगा हुशार आहे रे” असंही म्हणून गेलो.

मेट्रोबद्दलही फार बोलायला नको. बेलापूर ते पेंधर, ११ स्टेशनं, ११ किलोमीटरच्या किंचित वर. काम २०११ ला सुरू झालं आणि गाडी १७ नोव्हेंबर २०२३ ला, तीही उद्घाटनाच्या समारंभाशिवाय. तिकीट तीस रुपये, आत गारेगार, स्टेशनं लख्ख. उत्सव चौक, केंद्रीय विहार, सेंट्रल पार्क अशी वरून खारघर दाखवत नेते. लोकलचं तिकीट हिच्यावर चालत नाही, वेगळं काढावं लागतं. व्हिडिओत ‘एकाच तिकिटात’ असंही म्हटलं होतं. पहिली थाप तिथेच कळायला हवी होती.

आता पेंधर.

मेट्रो संपते तिथे आपण उंचावर असतो. खाली तळोजा, लांबवर औद्योगिक वसाहतीची धुराडी आणि नकाशावर रेल्वेची काळी रेघ अगदी बोटभर अंतरावर. वाजले होते सव्वाबारा. मेमू पाऊण तासाने होती. भरपूर वेळ, असं वाटलं.

खाली रिक्षावाला उभा होता. त्याला म्हटलं, स्टेशन.

“कुठलं स्टेशन?”

इथे सगळा घोळ आहे. मेट्रोचं ‘पेठाली-तळोजा’ वेगळं, रेल्वेचं ‘तळोजा पंचानंद’ वेगळं. शिवाय तळोजा फेज वन, फेज टू, तळोजा गाव, तळोजा एमआयडीसी. नुसतं ‘तळोजा स्टेशन’ म्हटलंत की समोरचा त्याला सोयीचं ते ऐकतो. मी ‘पंचानंद, रेल्वेचं’ असं सांगितल्यावर तो म्हणाला, दीडशे.

किमान भाडं सव्वीस रुपये आहे, फेब्रुवारी २०२५ पासून. मी मीटर टाका म्हटलं. त्याने मीटरकडे असं बघितलं जणू ती वस्तू गाडीसोबत फुकट आली होती. दुसऱ्याने एकशेवीस सांगितले. तिसरा म्हणाला शेअरमधे बसा, चौघे झाले की निघू, आणि चौघे काही होईनात. पंधरा मिनिटं त्यातच गेली. भाचा म्हणाला, “मामा, चालूया ना, नकाशात तर इथंच आहे.” मला दीडशेचा राग आला होता, म्हणून चाललो. रागाच्या भरात घेतलेला निर्णय. त्याची किंमत दीडशेपेक्षा जास्त पडली.

रस्ता वाईट आहे असं म्हणणार नाही. तो चालणाऱ्यांसाठी नाही, एवढंच. एका बाजूने ट्रेलर, दुसऱ्या बाजूने ट्रेलर, फुटपाथ जिथे असावा तिथे खडी. ऑक्टोबरचं ऊन, सावलीला एक झाड नाही. ट्रेलर गेला की धुळीचा लोट तोंडावर यायचा, आणि तो बसेपर्यंत पुढचा ट्रेलर. सोळा-सतरा मिनिटांनी रूळ दिसले, पण स्टेशन होतं रुळांच्या पलीकडच्या अंगाला, आणि मधे एक मालगाडी आडवी उभी. डबेच डबे, दोन्हीकडे टोक दिसेना.

माणसं तिच्याखालून जात होती. पिशव्या घेतलेल्या बाया, शाळकरी मुलं, एक जण तर सायकल घेऊन. कुणी दोन डब्यांच्या मधल्या जोडावरून चढून उतरत होतं. भाचा वाकला. मी त्याची सॅक धरून मागे ओढला. हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. उभी मालगाडी सुटताना तुमच्यापाशी शिट्टी वाजत नाही, इंजिन अर्धा-पाऊण किलोमीटर पुढे असतं. ते ओढायला लागलं की प्रत्येक जोडातली ढील निघत तो धक्का डब्यामागून डबा करत मागे येतो. तुमच्या डोक्यावरचा डबा एका क्षणात सरकतो. पलीकडची मेमू चुकली तर चुकू द्या.

आमची चुकली. मालगाडी हलली, आम्ही वळसा घालून योग्य रस्त्याने गेलो आणि फलाट दिसेपर्यंत मेमूची शेपटी दिव्याच्या दिशेला निघून गेली होती. दोष गाडीचा नाही, ती वेळेवर होती. पुढची अडीच तासांनी.

लोकलची सवय झालेल्या माणसाला हे पचत नाही. दिवा–पनवेल मार्गावर प्रवासी गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. हा मार्ग मुळात आपल्यासाठी चालतच नाही, तो चालतो बंदरासाठी आणि कोकणासाठी. न्हावा-शेव्याचा माल पनवेलवरून इकडे येतो, दिव्याहून वसईकडे वळतो आणि गुजरातमार्गे उत्तरेला जातो. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या गाड्याही याच रुळांवरून धावतात. मधल्या फटींत आपली मेमू. बंदर ते दादरी असा १५०६ किलोमीटरचा मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग आखला, त्यातला वैतरणा ते जेएनपीटी (म्हणजे हेच न्हावा-शेवा बंदर) हा आपल्या अंगणातला टप्पा सगळ्यात शेवटी राहिला. तो नीट वाहता झाला की इथली गर्दी हटेल असं म्हणतात.

अडीच तासांत मी तीन मालगाड्या मोजल्या. कंटेनरच्या एका गाडीला बरोबर ४५ वाघिणी, म्हणजे मालडबे, भरल्या. एकेका वाघिणीवर वीस फुटी दोन किंवा चाळीस फुटी एक, म्हणजे वीस फुटी हिशेबाने नव्वद कंटेनर, आणि ओढायला पुढचं इंजिन. बाहेर रस्त्यावर मला धूळ चारणारे ट्रेलर एका वेळी एक-दोनच नेत होते. रेल्वेने माल का न्यावा हे कुठल्याही भाषणापेक्षा त्या फलाटावर चांगलं कळतं. पण पोटात भूक आणि बाटलीत दोन घोट पाणी असताना त्याचा आनंद फार वेळ टिकत नाही.

बाकावर एक काका होते, कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात कामाला, दातिवलीला राहणारे. त्यांना सगळी हकीकत सांगितली. ते हसले.

“मेट्रो या स्टेशनासाठी आलेलीच नाही हो. ती बिल्डिंगींसाठी आलीये. तुम्ही बेलापूरहून सरळ पनवेलला जायचं आणि तिथून बसायचं. मेमू तिथून सुटते, खिडकी मिळते. चुकली तर ठाण्याची लोकल आहेच की.”

एवढं साधं. दीड मिनिटाच्या व्हिडिओत हे एक वाक्य बसत नव्हतं? तर तुम्हीही तसंच करा. मेट्रो बघायची असेल तर बेलापूर-पेंधर-बेलापूर अशी जा-ये करा, तासाभराचं काम आहे. मग लोकलने पनवेल. तिथे खायला आहे, स्वच्छतागृह आहे आणि योजना फसली तर मागे फिरायला गाडी आहे. तळोज्यातूनच चढायचा हट्ट असेल, तर रिक्षा आधी ठरवा, ‘पंचानंद, रेल्वे स्टेशन, फलाटाच्या बाजूला’ असं तीनदा म्हणा आणि मागतील ते द्या. मी त्या दिवशी दीडशे वाचवले आणि अडीच तास घालवले. मोबाइलवर तिकीट काढायचं तर स्टेशनात शिरण्याआधी काढा.

मेमू आली, बसलो, निळजे गेलं, दातिवली गेलं, काका उतरले. डोळा लागला.

दिव्याला जाग आली ती गर्दीने. कोकणातल्या माणसाला दिवा म्हणजे सावंतवाडीची गाडी, गणपतीतली रात्रभराची रांग. ठाणेकराला दिवा म्हणजे चढता न येणारी लोकल. संध्याकाळी ठाण्याकडे जाताना त्या मानाने बरं असतं, सकाळी तर विचारूच नका. दारात लटकू नका. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून जाताना माणसं पडली आणि गेली. त्या वळणावर गाडी आली की अजून डब्यातली कुजबुज थांबते.

आणि व्हिडिओतली शेवटची थाप: ‘परतताना १९१६ चा पारसिक बोगदा, लोकलमधून!’ बोगदा १९१६ चा आहे, एक किलोमीटर तीनशे मीटरच्या आसपास लांब आहे, सगळं खरं. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाल्यापासून बोगद्यातून लांब पल्ल्याच्या गाड्या जातात. जलद लोकल आता मुंब्र्याच्या बाजूने नव्या रुळांवरून येतात. भाचा मोबाइल काढून काचेला नाक लावून बसला होता, बोगद्यासाठी. कळवा आलं तेव्हा त्याने मोबाइल खिशात ठेवला.

ठाण्याला सव्वापाच. सकाळी सव्वाआठला निघालो होतो, म्हणजे चार तासांचे नऊ झाले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली १४ डब्यांची पहिली गाडी याच ठाण्यात आली होती. चारशे पाहुणे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, ३४ किलोमीटर साधारण तासाभरात. आम्ही दोघांनी पेंधर ते दिवा एवढंसं अंतर कापायला चार तास घेतले. तीन इंजिनं आम्हालाही लागली असती.

सोबत काय न्यायचं ते तुम्हाला कळतंच, पाणी मात्र मी नेलं त्याच्या दुप्पट घ्या. खर्च म्हणाल तर रिक्षा सोडून सगळं किरकोळ आहे. सगळ्यात महाग पडली ती फलाटावरून उतरल्यावर ठाण्यात खाल्लेली मिसळ, दोन दोन प्लेट.

ती खाताना भाचा म्हणाला, “मामा, पुढच्या शनिवारी दिवा–वसई करूया? भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र. एक व्हिडिओ आहे—”

त्याला म्हटलं, आधी परतीच्या गाडीची वेळ दाखव.