सगळीकडे सारखंच पाणी, मग वाट कशी सापडते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सुट्टीत पुण्याला आले की माझ्या दलदलीतल्या फेऱ्यांचे फोटो बघून कोणी ना कोणी म्हणतंच, "सगळीकडे सारखीच झाडं, सारखंच पाणी. यात तुम्हाला वाट कशी सापडते?" मगरींचं त्याआधी विचारून झालेलं असतं. मगरी आहेत, पण होडी जवळ आली की बहुतेक वेळा त्याच पाण्याखाली जातात. वाटेचा प्रश्न जास्त खरा आहे.

मी लुइझियानात लफायेटला राहते. घरापासून अर्ध्या तासावर हेंडरसनचा बांध, आणि बांधापलीकडे अचाफलाया नदीचं खोरं. अमेरिकेतली ही सगळ्यात मोठी नदीकाठची दलदल. मोठा महामार्ग इथं जवळजवळ २९ किलोमीटर पुलावरूनच जातो. पुलाखाली पाण्याच्या असंख्य वाटा आहेत, त्यांना बायू म्हणतात. हा शब्द मूळचा चोक्टॉ या आदिवासी लोकांचा.

पहिल्या वर्षी मी झाडं पाठ करायला गेले. वाकडा सायप्रस, मग दोन जुळे, मग डावीकडे. महिन्याभरानं पाणी तीन फुटांनी चढलं आणि पाठ केलेलं सगळं बुडालं. मग फांद्यांना बांधलेल्या रंगीत फितींच्या मागे गेले. त्या वाटेच्या खुणा नव्हत्याच. क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले छोट्या लॉब्स्टरसारखे जीव, धरणाऱ्यांनी आपले पिंजरे सापडावेत म्हणून त्या बांधलेल्या होत्या. शेवटच्या पिंजऱ्यापाशी फिती संपल्या आणि पुढे नुसती झाडी.

शेवटी शेजारच्या आजोबांनी शिकवलं. ते जन्मभर याच पाण्यावर क्रॉफिश धरत आले. घरात केजन फ्रेंच, म्हणजे लुइझियानातली फ्रेंच बोली, बोलतात आणि सपाट तळाच्या होडीला पीरो म्हणतात. त्यांचं म्हणणं साधं होतं: वाट शोधू नकोस, पाणी कुठं चाललंय ते बघ. बुंध्याच्या ज्या अंगाला पानं-काटक्या अडकून बसतात, त्या अंगानं पाणी येतंय. पाण्याच्या वर बुंध्यावर ओला काळा पट्टा दिसला, तर पाणी उतरतंय. मग परतीची वाट आत्ताच बघून ठेवायची, कारण सकाळी होडी गेली ती जागा दुपारी चिखल असू शकते.

गंमत अशी, की एकाच बायूत पाणी दोन्हीकडे वाहतं. वसंतात नदी फुगली की ते दलदलीत शिरतं, आणि नदी उतरली की त्याच वाटेनं परत निघतं. नदीही तिच्या मर्जीनं फुगत नाही. मिसिसिपी हळूहळू अचाफलायाच्या पात्रात वळत होती. ती पूर्ण वळली असती तर बॅटन रूज आणि न्यू ऑर्लिन्सपुढची नदी आटली असती. म्हणून १९६३ साली, या दोन नद्या जोडणाऱ्या ओल्ड रिव्हरपाशी, पाणी अडवायचे दरवाजे बांधले. मिसिसिपी आणि रेड नदीचं मिळून जेवढं पाणी, त्यातलं ३० टक्के अचाफलायाला सोडायचं, असं ठरलेलं आहे. पार उत्तरेकडच्या मिनेसोटातला बर्फ वितळून त्या दरवाजांतून माझ्या होडीखाली येतो. निघायच्या आदल्या रात्री मी खोऱ्यातल्या ब्यूट ला रोझ गावच्या पाणीमापकाचा आकडा बघते. हवामान त्याच्यानंतर.

एखादी वाट सुतासारखी सरळ दिसली, तर ती माणसानं केलेली. शंभर वर्षांपूर्वी इथले जुने सायप्रस तोडून ओंडके ओढत नेले, त्यासाठी खणलेले यातले बरेच चर. पाणी कमी असलं की त्यांच्यात खुंट वर येतात. मला त्या चरांतून जायला आवडत नाही. फार मोठं काही तरी तिथून गेलंय, हे विसरता येत नाही.

आणि जलपर्णी! मुळा-मुठेत आपण बघतो तीच. १९१० साली इथले खासदार रॉबर्ट ब्रुसार्ड यांनी ती खायला आफ्रिकेतून पाणघोडे आणायचं विधेयक मांडलं होतं. ते मंजूर झालं नाही. जलपर्णी आहेच.

गेल्या ऑक्टोबरात तिनंच आम्हाला अडवलं. सकाळी ज्या फटीतून आत गेलो, तिथं दुपारी वारा फिरल्यावर नुसतं हिरवं मैदान. फट कुठली, काही कळेना. आजोबांनी पानं बाजूला सारून वल्हं उभं पाण्यात धरलं, मग थोडं पुढे, मग आणखी थोडं. चौथ्यांदा ते माझ्या हातात दिलं. पात्याला खालून ओढ लागत होती, बारीक, पण एकाच दिशेला. वर सगळं बंद होतं आणि खाली पाणी चाललेलं होतं.

मग हातानं जलपर्णी उपटत निघालो. काळ्या, पिसांसारख्या मुळ्या, आणि प्रत्येक झटक्याला त्यांतून होडीत पडणारी पारदर्शक, नखाएवढी कोळंबी. मी ती ओंजळीनं परत सोडत होते. तीसेक फूट जायला पाऊण तास लागला. मग पुढची पानं आपोआप बाजूला झाली आणि होडी चालू लागली.