दोन वर्षांच्या लेकराचा फॉर्म

"बाई अमेरिकेत वाढली, तिथंच लगन केलं, मंग तिले आपल्या गावचा दाखला कायले पायजे?"

ग्रामपंचायतीत शिपाईकाकांनी विचारलं. लहानपणी अमेरिकन जोडप्यानं दत्तक नेलेल्या एका पोरीसाठी नागपूरहून आलेल्या वकीलबाई 1979 च्या जन्मनोंदी शोधत होत्या. वाळवीनं कडा खाल्लेलं रजिस्टर, आईच्या नावावर शाईचा डाग.

"कारण ती अजून तिथली नागरिक नाही," वकीलबाई म्हणाल्या. सगळे गप्प.

तेव्हा इथलं कोर्ट परदेशी जोडप्याला 1890 च्या कायद्याखाली फक्त पालकत्व द्यायचं, दत्तकविधान तिकडं. नागरिकत्वासाठी पुन्हा वेगळा अर्ज. तो नव्या आईबापांनी केलाच नाही. दत्तक घेतलं म्हणजे झालं, असं वाटलं असेल. आपणही असेच, सातबाऱ्याचा फेरफार वर्षानुवर्षं राहून जातो!

पुढे अमेरिकेनं कायदा केला, अशा मुलांना आपोआप नागरिकत्व. लागू 27 फेब्रुवारी 2001 पासून, पण त्या दिवशी 18 पूर्ण झालेले वगळून. ही तेव्हा एकवीसची. असे काही जण तर गुन्ह्यात सापडल्यावर, ज्या देशाची भाषाही येत नाही तिथं परत पाठवले गेले.

काका बराच वेळ रजिस्टर चाळत राहिले. मग म्हणाले, "पर पोरगी तं दोन वर्साची होती नं, मॅडम. तिनं कोन्ता फारम भराचा होता?"

आहे कुणाकडं उत्तर?